त्या काविळीला नाव नव्हतं

मेहरूण म्हटलं की जळगावच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, तलाव आणि बोरं. मला तिसरीही एक आठवते. तिच्याबद्दल मी आजवर कुठे बोललो नाही, कवितेतही ती आणली नाही. आज बोलायचं ठरवलं आहे, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट मला सांगता येणार नाही.

१९८१चा पावसाळा होता. मी बारा वर्षांचा होतो. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आम्ही भावंडं तिला आपा म्हणायचो. सातवा महिना चालू होता. एके दिवशी तिला अन्न नकोसं झालं. उलट्या होऊ लागल्या. घरातल्यांना वाटलं, दिवस गेलेल्या बाईला हे व्हायचंच. मग शेजारच्या आजी आल्या, त्यांनी आपाच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "पोरीले कावीय झाली, बाई." हकीमसाहेबांनी त्याच आजाराला यरकान म्हटलं.

नाव मराठीत असो की अरबीत, उपाय एकच होते. उसाचा रस, मुळा, ताक. हळद बंद, तेल बंद. कुणीतरी काविळीची माळ आणून डोक्यावर ठेवली. ती माळ वाढत वाढत गळ्यापर्यंत उतरली की कावीळही उतरते, असं सांगितलं गेलं. आपाची थाळी आणि पेला वेगळा झाला. आम्हा मुलांना तिच्या खाटेजवळ जायची मनाई झाली. माळ रोज थोडी खाली येत होती. आणि आठव्या दिवशी आपा असंबद्ध बोलायला लागली. मला तिनं दुसऱ्याच नावानं हाक मारली. तेव्हा टांगा आणून तिला दवाखान्यात नेलं. मूल मेलेलंच जन्मलं. दुसऱ्या दिवशी आपाही गेली.

त्यानंतर जे सुरू होतं ते तुम्हाला सांगायला नको. सासरचे म्हणाले, चांगली धडधाकट पोरगी माहेरी पाठवली होती. कुणी म्हणालं, नजर लागली. एक खाला रडता रडता बोलून गेल्या की, कावीळ दिसायच्या आदल्या दिवशी तिला मटणाचा शोरबा दिला होता, तोच बाधला. शोरबा अम्मीनं दिला होता. अम्मीनं ते ऐकलं आणि कायमचं मनात ठेवलं. त्या दिवसानंतर घरात शोरबा झाला, सणावारी झाला, पाहुण्यांसाठी झाला, पण अम्मीनं तो कधी चाखला नाही.

ही झाली आमच्या घरातली गोष्ट. आता दुसरी ऐका. त्याच १९८१ साली कोल्हापुरात काविळीची मोठी साथ आली होती. पाण्यातून पसरलेली साथ. आणि पुण्याहून काही शास्त्रज्ञ तिथे जाऊन लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा करत होते. मेहरूणच्या आमच्या गल्लीला याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. मला तो लागला पस्तीस वर्षांनी. माझी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. तिनं २०१६ साली कॉलेजच्या एका टिपणासाठी काही शोधनिबंध आणले होते. मी बी.ए. झालेला माणूस, सूक्ष्मदर्शकात एकदाच डोकावलो असेन, तोही शाळेत. पण एका निबंधाच्या मथळ्यात कोल्हापूर, साथ आणि कावीळ हे तीन शब्द मला कळले, आणि मी मुलीला म्हटलं, हे मला नीट समजावून सांग.

तिनं जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं, त्याची सुरुवात दिल्लीत होते. १९५५च्या डिसेंबरात दिल्लीत अचानक घरोघर माणसं पिवळी पडू लागली. पुरानंतर यमुनेनं पात्र बदललं होतं आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वजिराबादला, जिथून शहराचं पाणी उचललं जायचं तिथेच, मागे फिरून येत होतं. पाण्यात क्लोरीन वाढवलं गेलं. त्यामुळे टायफॉइडची साथ आली नाही. पण काविळीचा विषाणू त्यातून निसटला. सुमारे २९,३०० माणसांना उघड कावीळ झाली. त्याच वेळी डॉक्टरांच्या लक्षात आलं की गरोदर बायका या आजारानं इतरांपेक्षा जास्त मरत आहेत. असं का, ते कुणाला सांगता येईना.

पुढे काविळीच्या विषाणूंची ओळख पटू लागली. रक्तातून जाणारा 'बी' आणि दूषित अन्नपाण्यातून जाणारा 'ए'. मग सगळ्यांनी धरून चाललं की दिल्लीची साथ 'ए'चीच असणार, कारण ती पाण्यातून आली होती. पुस्तकांतही तसंच छापलं गेलं.

पण दिल्लीच्या साथीतल्या रुग्णांच्या रक्ताचे काही नमुने कुणीतरी फेकून न देता थंडीत जपून ठेवले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे आपण जिला एन.आय.व्ही. म्हणतो तिथे, १९७८पासून डॉ. खोर्शेद पावरी संचालक होत्या. १९५२ साली 'व्हायरस रिसर्च सेंटर' म्हणून सुरू झालेली ही संस्था. पावरीबाई, डॉ. एम. ए. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या मदतीनं ते जुने नमुने आणि अहमदाबादच्या साथीतले नमुने तपासले. १९८० साली निष्कर्ष छापून आला. ही कावीळ 'ए'ची नव्हती आणि 'बी'चीही नव्हती. तिसरंच कुणीतरी होतं. पाव शतक डबीत पडून राहिलेल्या रक्तानं पुस्तकातली चूक दाखवून दिली.

त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी एक काम केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. १९७८च्या हिवाळ्यात तिथे दोनेकशे गावांत कावीळ पसरली होती. खुरू बर्फातून घरोघर फिरले आणि त्यांनी गरोदर बायका वेगळ्या मोजल्या. मोजल्यावर जे दिसलं ते असं: गरोदर नसलेल्या बायकांत शंभरात दोघींना कावीळ झाली होती. गरोदर बायकांत शंभरात सतरा जणींना. आणि कावीळ झालेल्या गरोदर बायकांपैकी पाचांतल्या एकीपेक्षा जास्त जणींचं यकृत एकाएकी निकामी झालं होतं. आधी उलट्या, मग पिवळे डोळे, मग असंबद्ध बोलणं, मग गुंगी. हे वाचताना मी चष्मा काढून ठेवला. आमच्या घरातले ते आठ दिवस त्या पानावर ओळीनं लिहिलेले होते.

आता मी ज्यांच्याबद्दल बोलायला बसलो आहे, त्या डॉ. विद्या अरणकल्ले यांच्याकडे येतो. पुण्याच्या त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञ. १९८४ साली श्रीनिवासन, पावरी आणि आणखी एका सहकाऱ्याबरोबर त्यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. काम काय होतं? या अनोळखी काविळीच्या रुग्णांच्या विष्ठेत विषाणू शोधायचा. रीत मोठी गमतीची आहे. आजारातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारे पहारेकरी तयार झालेले असतात. ते रक्तजल आजारी माणसाच्या विष्ठेच्या पाण्यात मिसळायचं. पहारेकरी ओळखीच्या चोराला पकडतात, एकेका चोराभोवती गर्दी करतात आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते पुंजके दिसू शकतात. असे विषाणूसारखे दिसणारे कण पुण्यात दिसले. मॉस्कोत मिखाईल बालायान नावाच्या शास्त्रज्ञानं याच कामासाठी रुग्णांच्या विष्ठेचं द्रावण स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला होता. पुण्याच्या मंडळींनी माकडांवर प्रयोग केले आणि १९८८ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात अरणकल्ले यांचा निबंध आला. हे कण आणि ही कावीळ यांचा कार्यकारणसंबंध त्यात मांडला होता. पहिलं नाव त्यांचं होतं.

१९९० साली अमेरिकेत या विषाणूच्या जनुकाचा तुकडा हाती लागला आणि त्याला नाव मिळालं, 'हिपॅटायटिस ई'. नऊ वर्षांपूर्वी आपा गेली तेव्हा जगातल्या कुठल्याही डॉक्टरकडे या आजाराचं नाव नव्हतं आणि रक्त तपासून ओळखायची चाचणीही नव्हती. आमचे हकीमसाहेब काय, आणि मोठ्या इस्पितळातले डॉक्टर काय, या बाबतीत एकाच अंधारात उभे होते.

बऱ्याच शास्त्रज्ञांचं काम नाव सापडल्यावर संपतं. अरणकल्ले यांचं तिथून वाढलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी देशातल्या अनेक साथींतले साठवलेले नमुने नव्या चाचणीनं पुन्हा तपासले. पाण्यातून आलेल्या बहुतेक मोठ्या साथी 'ई'च्याच निघाल्या. दिल्लीची ती जुनी साथही 'ई'चीच होती, हेही आता पक्कं झालं आहे. पुण्यातल्या लोकांच्या रक्ताचे १९८२ आणि १९९२ सालचे नमुने त्यांनी वयाप्रमाणे लावून पाहिले. 'ए' आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाला लहानपणीच गाठून जातो आणि तेव्हा तो फारसा त्रास देत नाही. 'ई'चं तसं नाही. लहान मुलांत त्याच्या खुणा कमी दिसल्या, ऐन तरुणपणात त्या वाढल्या. म्हणजे ज्या वयात मुली लग्न होऊन सासरी जातात, पहिलं मूल पोटात वाढवतात, त्याच वयात हा विषाणू भेटतो. १९९५ साली हे छापून आलं.

त्यांचं आणखी एक काम मी परत परत वाचलं. साथ आलेल्या ठिकाणी एकाच घरातल्या माणसांची रक्तं त्यांच्या गटानं तपासली. प्रश्न असा होता की, हा आजार घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याला लागतो का? २००० साली आलेलं उत्तर असं, की नाही, तसा पुरावा मिळत नाही. सगळे आजारी पडतात ते एकाच पाण्यामुळे. म्हणजे आपाची थाळी वेगळी करायचं कारण नव्हतं. तिच्या खाटेजवळ बसलो असतो तरी मला काही झालं नसतं.

मंडळी, आणखी एक गोष्ट या संशोधनानं मला समजली. हा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. दोन आठवड्यांपासून दहा आठवड्यांपर्यंत कितीही. आता सव्वा महिन्यापूर्वी आपण कुठल्या पेल्यातून पाणी प्यायलो, हे कोण लक्षात ठेवतो? म्हणून माणूस कालचं आठवतो. काल काय खाल्लं, काल कोण येऊन गेलं, काल कुणाची नजर लागली. शोरब्यावर आळ आला तो असा. आणि माळेला श्रेय मिळतं तेही असंच. निरोगी माणसाची ही कावीळ बहुतेक वेळा आपली आपण बरी होते. तोवर डोक्यावर माळ असली तर ती माळ जिंकते. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र माळेची वाट पाहण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही.

अरणकल्ले यांनी पुढेही या विषाणूचा पाठपुरावा सोडला नाही. पश्चिम भारतातल्या डुकरांतही 'ई' सापडतो. मग तोच माणसात येतो का? २००२ साली त्यांनी दाखवलं की, आपल्याकडे माणसातला आणि डुकरांतला 'ई' वेगवेगळ्या कुळांतले आहेत. म्हणजे शोध घ्यायचा तो आपल्याच सांडपाण्याचा. २००६च्या आसपास चिकुनगुन्यानं आपल्याकडे माणसं अंथरुणाला खिळवली. शेजारच्या मालेगावात तर गल्लीच्या गल्ल्या लंगडत होत्या. त्या विषाणूची वंशावळ मांडणाऱ्यांतही त्या होत्या. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात हिपॅटायटिस बी नं बरीच माणसं दगावली. तिथे विषाणूतले बदल आणि नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजा या दोन्हींकडे त्यांच्या गटानं बोट दाखवलं. एन.आय.व्ही.नंतर त्या पुण्यातच भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत काम करू लागल्या. २०१४ साली गरोदर रुग्णांच्या रक्तावरचा त्यांचा अभ्यास आला. गरोदरपणात शरीराची संरक्षणव्यवस्था 'ई'शी वेगळी कशी वागते, हे त्यात शोधलं होतं. गरोदर बाईच का मरते, याचं पुरतं उत्तर आजही नाही. शरीराची बदललेली प्रतिकारशक्ती, संप्रेरकं, कुपोषण, अशी निरनिराळी कारणं सांगितली जातात. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९५६ साली जो प्रश्न नोंदवून ठेवला, तो अजून पुरता सुटलेला नाही.

लस आहे का, असं तुम्ही विचाराल. आहे. चीनमध्ये एक लाखाहून जास्त माणसांवर तिची चाचणी झाली आणि २०११ साली तिथे तिला मान्यता मिळाली. दक्षिण सुदानमधल्या बेंतियूच्या निर्वासित छावणीत २०२२ साली साथ चालू असताना ती पहिल्यांदा वापरली गेली, गरोदर बायकांनाही दिली गेली. पण आपल्या सार्वजनिक लसीकरणात ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०१५ या एका वर्षात जगात सुमारे ४४ हजार माणसं या काविळीनं दगावली. आणि आपल्याकडे? १९८१ साली ज्या कोल्हापुरात पुण्याची मंडळी नमुने गोळा करत होती, त्याच जिल्ह्यातल्या इचलकरंजीत २०१२ साली पुन्हा काविळीची मोठी साथ आली. तीही 'ई'चीच. आता नाव होतं, चाचणी होती, तरी पाणी तसंच होतं.

२०१६ साली हे सगळं मला कळलं तेव्हा अम्मी शहात्तर वर्षांच्या होत्या. मला वाटलं, यांच्या छातीवरचा दगड आता मी उतरवणार. एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं. शोरबा नव्हता, नजर नव्हती, पाण्यातला विषाणू असावा. अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पानी तो मैंनेच पिलाया था, बेटा."

याचं उत्तर माझ्याकडच्या कागदांत नव्हतं. मी एवढंच म्हणू शकलो की, तेच पाणी त्याही प्यायल्या होत्या, मी प्यायलो होतो, सगळी गल्ली प्यायली होती. पाणी गढूळ यायचं, ते गाळून प्यायचं, हेच तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. उकळायला हवं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, त्याचं नाव काय? मी म्हटलं, ई. त्या म्हणाल्या, एवढंसं?

त्यानंतर अम्मी शोरबा चाखायला लागल्या असं मी सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण ते खरं नाही. त्यांनी तो अखेरपर्यंत चाखला नाही. एक मात्र झालं. गल्लीत कुणाची लेक बाळंतपणाला आली की अम्मी काठी टेकत त्या घरी जायच्या आणि पाण्याचं विचारायच्या. उकळता का? किती वेळ उकळता? कोणाचे डोळे पिवळे वाटले तर माळ आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवायच्या आणि म्हणायच्या, आधी दवाखाना, आजच. असा हट्ट त्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कशाचा केला नव्हता.

आपाचं रक्त कुणी जपून ठेवलं नव्हतं. म्हणून तिला 'ई'च झाला होता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. लक्षणं जुळतात, महिने जुळतात, पावसाळा जुळतो, एवढंच. ती कुठल्या नोंदीत नाही, कुठल्या आकड्यात नाही. पण दिल्लीच्या कुणा अनोळखी बाईचं रक्त होतं. काश्मीरच्या खेड्यांतल्या बायका खुरूंनी मोजल्या होत्या. कोल्हापूरच्या लोकांनी पुण्याच्या पाहुण्यांपुढे हात पुढे केले होते. त्यांच्यामुळे अरणकल्ले यांना आणि त्यांच्या सोबत्यांना शोध लावता आला, आणि त्यांच्यामुळे मला माझ्या बहिणीचं मरण पस्तीस वर्षांनी का होईना, समजलं. साथीत कुणी रक्ताचा नमुना मागायला दारी आलं, कुणी घरातल्या आजाऱ्यांची विचारपूस करून वहीत लिहून घेऊ लागलं, तर त्यांना बसायला पाट द्या. तुमच्या घरातली माणसं त्यांच्या वहीत येऊ द्या.

आणि घरात कुणी पोटुशी असेल, तर आज रात्री पाणी उकळून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)